गडग्यावरची वायर

आमच्या आणि रुझारमामांच्या घरांमध्ये चिऱ्यांचा एक बुटका गडगा होता, आणि त्या गडग्यावरून वर्षातून दोनदा विजेची वायर जायची. चवथीला, म्हणजे गणपतीत, त्यांच्याकडून आमच्याकडे आणि नाताळाला आमच्याकडून त्यांच्याकडे. एका घराच्या मीटरवर सणाच्या दिव्यांचा भार पेलत नसे, म्हणून अर्धे दिवे शेजाऱ्याच्या विजेवर. बिल कुणाचं किती आलं हे कुणी कुणाला विचारल्याचं मी ऐकलं नाही. गोव्यातल्या शिरगावच्या अलीकडे आमची ती वाडी, दहा-बारा घरांची. सकाळपासून खाणीचे ट्रक दाराशी धडधडत जात, त्यांची लाल धूळ केळीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या कळशीवर, देवाच्या फोटोवर सारखीच बसे. धुळीला जात-धर्म नव्हता, एवढं तरी म्हणता येईल. माझे बाबा, गुणाजी, खाणीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते आणि रुझारमाम त्याच वर्कशॉपात मेकॅनिक. दोघं एकाच भोंग्याला घर सोडायचे, एकाच ट्रकाच्या हौद्यात बसून परतायचे, आणि परतल्यावर तोंडं धुऊन पुन्हा गडग्याच्या दोन बाजूंना टेकून बोलत उभे राहायचे. दिवसभर बरोबर असलेल्या माणसांना संध्याकाळी आणखी काय बोलायचं उरतं, असं आई म्हणायची.

मी घरातली एकटीच. मुलगा नव्हता म्हणून बाबांनी मला पाना-पक्कड हाती धरायला दिली, असं लोक सांगत. ते खरं नाही. बाबांनी दिली नाही, मी घेतली. ते फ्यूज बांधत असले की मी शेजारी उभी राहायची, आणि पुढच्या वेळी त्यांच्याआधी बांधून मोकळी व्हायची. त्यांना त्याचं कौतुक होतं, पण ते कौतुक मांजराचं पिल्लू दार उघडायला शिकलं तर वाटावं तसं. दुसरी गोष्ट म्हणजे माझा कान. देवळात दर सोमवारी भजन असे, तिथल्या पेटीवाल्यांच्या मागे बसून मी ताल मोजायला शिकले होते. कुणी मात्रा खाल्ली की माझ्या पोटात कळ यायची. आजही येते. हल्ली वरातीतले बँडवाले जे करतात त्याने तर घर सोडून जावंसं वाटतं.

रुझारमामांच्या घरी नाताळाचा गोठा असे, बाळ येशूच्या जन्माचा. फिलूबाय, म्हणजे त्यांची बायको, पंधरा दिवस आधी करवंट्यांतून नाचणी पेरायची, ती हिरवीगार उगवली की गोठ्याची कुरणं व्हायची. वर बांबूच्या कामट्यांचं कागदी नखेत्र, म्हणजे चांदणी. त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला, घरी दोघंच, त्यामुळे ही सगळी खटपट खरं तर वाडीतल्या पोरांसाठी आणि माझ्यासाठी असे. फिलूबायच्या मागल्या पायरीवर बसून मी दोदोल खायची. काळ्या गुळाचा आणि नारळाच्या रसाचा, तुपासारखा हाताला चिकटणारा. आमच्या घरी मात्र तिच्याकडून येताना केळ्यांची फणी आणि नारळ यायचा, कारण आजीच्या काळापासून आमच्याकडे त्यांच्या घरचं शिजवलेलं चालत नसे आणि फिलूबायला ते ठाऊक होतं. तिला त्याचा राग कधी आलेला दिसला नाही. आला असेलही. मी घरी परतले की आईला माझ्या बोटांचा वास यायचाच. ती फक्त म्हणायची, "हात धू आनी ये." आमच्याकडे सलोखा तो हा. सगळ्यांना सगळं माहीत, आणि तोंडातून कुणी चकार शब्द काढायचा नाही. लोक हल्ली त्या दिवसांबद्दल डोळे भरून बोलतात, मला त्यांच्याइतकं बोलता येत नाही.

दिवे गाण्यावर नाचवायची कल्पना माझी. ती कल्पना पुढे रुझारमामांची म्हणून सांगितली गेली, नंतर बाबांची, म्हणून इथे एकदा लिहून ठेवते. म्हापशाच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, मी एक पळतं तोरण पाहिलं होतं. त्याच्या मागे लाकडी रूळ फिरत होता, रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, आणि वरून पितळी जिभा टेकलेल्या. जिभेखाली पट्टी आली की दिवा पेटतो, लाकूड आलं की विझतो. पण ते तोरण नुसतंच पळत होतं, आणि शेजारी बँड वाजत होता त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मला वाटलं, पट्ट्या जर तालाप्रमाणे कापल्या तर? घरी येऊन मी हे गडग्यापाशी बोलले. बाबा हसले. रुझारमाम हसले नाहीत, त्यांनी विचारलं, रूळ केवढा लागेल.

आमच्या परसातल्या फणसाची एक फांदी पाडली होती, तिचा रूळ रुझारमामांनी वर्कशॉपातल्या लेथवर काढला. मोडीत निघालेल्या ट्रकाची वायपरची मोटर मिळाली. तिच्यात सोय अशी की ती ट्रकाच्या बॅटरीवर चालते, म्हणजे संध्याकाळी विजेचा दाब उतरला तरी तिची चाल बदलत नाही. टेपरेकॉर्डर त्यांच्या मुलाने बोटीवरून आणलेला, तोही सेलवर. पुल्या घालून घालून आम्ही रुळाची चाल इतकी कमी केली की गाण्याच्या एका कडव्याला त्याचा एक फेरा व्हावा. प्रत्येक कडव्याची चाल सारखीच, त्यामुळे एकदा जमलं की शेवटपर्यंत जमणार. पट्ट्या कापायचं काम माझं. रुळाभोवती कागद गुंडाळायचा, त्याच्यावर मात्रांच्या रेघा मारायच्या, गाणं लावायचं आणि पेन्सिल घेऊन बसायचं. गाणं त्यांच्या लयीत तीन-तीन मोजायचं होतं, माझ्या डोक्यात तो दादरा होता. त्यातून काही अडलं नाही. जिथे आवाज लांबतो तिथे लांब पट्टी, जिथे घंटा वाजतात तिथे नखाएवढे तुकडे. पहिल्या वर्षी ते सारं अर्धवट झालं, दुसऱ्या वर्षी बरं, आणि तिसऱ्या वर्षी मी असं काही मांडलं की आठवलं तरी माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटते. दुसरं कुणी देणार नाही, तेव्हा देते.

ते असं होतं. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून प्रत्येकावर मी बाळ येशूच्या भेटीला निघालेले तेच तीन राजे रंगवले होते, उंटांसकट. ते पत्रे गडग्यावर ठिकठिकाणी उभे करायचे, पहिला आमच्या फणसाखाली, शेवटचा त्यांच्या गोठ्याशी. प्रत्येकापाशी दिवा. एक दिवा विझला की पुढचा पेटायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की राजे चालत निघाले आहेत. गाण्याच्या ओळीगणिक ते एकेक पाऊल पुढे येणार, कडवं संपता संपता गोठ्यापाशी पोचणार, आणि शेवटच्या ठोक्याला वरचं नखेत्र पेटणार. राजांची वाट आमच्या बाजूने सुरू होत होती, म्हणून वाटेचे सगळे दिवे आमच्या मीटरवर. गोठा आणि नखेत्र त्यांच्या मीटरवर. रूळ त्यांच्या बल्कांवात, म्हणजे पुढच्या बसायच्या ओट्यावर, आणि त्याच्यापाशी मी.

फिलूबायचा भाऊ जुजे म्हापशाला दिव्यांचा आणि लाउडस्पीकरचा धंदा करायचा. तियात्रं, म्हणजे कोंकणी नाटकं, फेस्तं, लग्नं, सगळीकडे त्याची माणसं. दुसऱ्या वर्षी तो चर्चमधली मीस आटोपून बहिणीकडे जेवायला आला तेव्हा त्याने माझा रूळ उलटा-सुलटा करून पाहिला. मग बाबांना म्हणाला, हिला माझ्याकडे पाठव, रेडिओ, टेप, अँप्लिफायर सगळं शिकवतो, बहिणीच्या नात्यातल्या बाईच्या घरी राहील, वर्षभरात स्वतःच्या पायावर उभी राहील. मी नुकतीच बारावी झाले होते. पुढे काय, या प्रश्नाला आमच्या घरी एकच उत्तर तयार असायचं आणि ते पेडण्याकडून येणार होतं, कारण आईचं माहेर तिकडचं. बाबांनी जुजेला नाही म्हटलं नाही. म्हणाले, यंदाचा नाताळ होऊ दे, तू पुन्हा येऊन बघ, मग ठरवू. वर्षभर मी त्या वाक्यावर जगले. घरात पाहुणे बघायला आले की मी चहा द्यायची आणि मनात राजे मोजायची.

आणि ते वर्ष नेमकं भाषेच्या भांडणाचं निघालं, राजभाषा मराठी की कोंकणी. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना आता सांगूनही खरं वाटणार नाही. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या, भिंती रंगल्या. वर्कशॉपच्या कँटीनमध्ये मराठीवाल्यांचं टेबल वेगळं आणि कोंकणीवाल्यांचं वेगळं झालं. बाबा मराठीच्या टेबलावर, रुझारमाम पलीकडे. बाबांचं मराठीचं प्रेम खोटं नव्हतं, हे मला लिहिलंच पाहिजे. पोर्तुगेजांच्या राज्यात देवळाच्या ओसरीवर एका मास्तरांनी त्यांना मराठी अक्षरं शिकवली होती, त्या अक्षरांतून त्यांना अभंग मिळाले, पुराणं मिळाली, वर्तमानपत्र मिळालं. त्यांना वाटे, ही गेली तर आपण पुन्हा अडाणी. पण हे सगळं ते आईला समजावून सांगत ते कुठल्या भाषेत? आमच्या घरी जी बोलली जायची तीत. शिव्या तीत, लाड तीत, ताप आल्यावर बडबडायचं तेही तीत. गडग्यापलीकडे रुझारमाम बायकोशी भांडले तर ते शब्द आम्हाला जसेच्या तसे कळत. तरी आम्ही दोन भाषांचे. मी हे मराठीत लिहिते आहे, कारण मला लिहायला हीच शिकवली. राग मात्र मला अजून दुसरीतच येतो.

चवथीला वायर गडग्यावरून आली होती, नेहमीसारखी. मखराच्या मागे दिव्यांचं चक्र फिरलं होतं, रुझारमाम पायरीखाली उभे राहून बघून गेले होते. नंतर हळूहळू गडग्यावरचं बोलणं तुटलं. भांडण असं झालं नाही, बोलणं आधी हवापाण्यावर आलं, मग खोकल्यावर. पण रुळाचं काम चालू होतं, कारण ते माझं काम होतं. यंदाचं गाणं फिलूबायने निवडलं. आधीची दोन वर्षं नुसत्या वाद्यांची कॅसेट होती, या वर्षी त्यांच्या कपेलातल्या, म्हणजे लहान चर्चमधल्या, पोरींनी कोंकणीत गायलेलं नाताळाचं गाणं. साधंसं, पाळण्यासारखं. महिनाभर ते मी एवढ्या वेळा लावलं की बाबा दाढी करताना गुणगुणू लागले. ठेक्यासकट. मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि पुढे जेव्हा जेव्हा कुणी म्हणालं की गुणाजींना ते गाणं कोंकणी म्हणून खटकलं, तेव्हा तेव्हा मला ती दाढी आठवली.

नाताळाच्या आदल्या दिवशी देवळाच्या सभामंडपात मराठीवाल्यांची बैठक होती. बाबा तिथून आले ते गप्प. काय झालं ते आईने शेजारणीकडून काढलं. बैठक संपल्यावर कुणीतरी हसत हसत म्हणालं होतं की गुणाजींचं बरं आहे, सकाळी मराठीसाठी घोषणा आणि संध्याकाळी त्यांच्याच मीटरावर कोंकणी गाणं नाचतंय. सगळे हसले. बाबाही हसले म्हणे. बस, एवढंच. कुणी धमकी दिली नाही, कुणी वाळीत टाकलं नाही. आमच्या बाबांच्या जिवाला जो घोर लागला तो चहाच्या पेल्याएवढ्या हसण्याचा. जेवताना ते मला म्हणाले नाहीत की वायर नेऊ नको. म्हणाले असते तर मी रडले असते, भांडले असते, कदाचित ऐकलंही असतं. ते नुसते म्हणाले, जुजे येणार ना उद्या? मी म्हटलं, येणार. त्यांनी भातावर पाणी घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः वायर ओढून फणसाच्या फांदीला बांधली. बल्बांवर बसलेली लाल धूळ ओल्या फडक्याने एकेक करून पुसली. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते, त्यांनी मला स्टूलही धरून दिलं. तिन्हीसांजेला वाडी जमली. त्या वर्षी लोक येतील की नाही अशी धास्ती होती, पण पोरं भाषा बघत नाहीत, ती आली, आणि पोरांच्या मागे बायका आल्या. आई आमच्या पायरीवर उभी होती. जुजे खुर्ची टाकून मध्यभागी बसला होता, हातावर हात ठेवून, परीक्षक बसावा तसा. रुझारमामांनी मान हलवली आणि मी टेप लावला. पहिलं कडवं. राजे आमच्या फणसाखालून निघाले, एकेक पाऊल, ओळीवर ओळ, एकही मात्रा इकडची तिकडे नाही, आणि शेवटच्या ठोक्याला नखेत्र लखकन पेटलं. पोरं ओरडली. जुजे खुर्चीत पुढे सरकला. मी त्याच्याकडे बघत होते, राजांकडे नाही, म्हणून मला ते नीट आठवतं. त्याच्या तोंडावर लिहिलं होतं की मी म्हापशाला जाणार.

दुसऱ्या कडव्याला राजे गडग्याच्या मध्यावर आले आणि गेले. वाट काळी झाली. गाणं चालू, गोठा पेटलेला, नखेत्र वेळेवर पेटलं आणि विझलं. रूळ फिरत होता. पट्टीवर पितळी जीभ टेकली की टिक् असा बारीक आवाज येतो, तो मला एकामागून एक ऐकू येत होता, अगदी तालात. काम सगळं चाललं होतं, फक्त उजेड नव्हता. मला वाटलं वायर सुटली. मी आमच्या घराकडे पाहिलं तर ओसरीवर काळोख, स्वयंपाकघरात काळोख. आणि बाकीच्या सगळ्या वाडीत दिवे. पलीकडच्या गाड्यावर दिवा, देवळाच्या कळसावर दिवा, रस्त्यावरच्या खांबावर दिवा. आमचं तेवढं एक घर दात पडल्यासारखं. ओसरीवरच्या मीटरच्या बोर्डापाशी बाबा उभे होते. फ्यूजची चिनी मातीची दांडी त्यांच्या हातात होती, पांढरी, काळोखातही दिसेल अशी.

पोरांची कुजबुज सुरू झाली, कुणीतरी हसलं. रुझारमाम गडग्यापाशी गेले. पूर्वी संध्याकाळी जिथे टेकायचे तिथेच. त्यांना दिसत होतं ते सगळ्यांना दिसत होतं. ते म्हणाले, "लायट गेली रे गुणा?"

बाबा म्हणाले, "व्हय, गेली."

मी वाट पाहिली. वाटलं आता रुझारमाम हात वर करून रस्त्यावरचा खांब दाखवतील, आता भांडण होईल, एकदाचं होऊन जाईल. रुझारमामांनी गडग्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "बरें. येतली फाल्यां," म्हणजे उद्या येईल, आणि मागे वळून लोकांना मोठ्याने म्हणाले की गुणाकडची लायट गेली आहे, बाकीचं बघा. लोकांनी माना गोठ्याकडे वळवल्या. आमच्या लोकांची माया म्हणतात ती हीच असावी, खोटं बोलणाऱ्याचं खोटं त्याच्या अंगावर नीट पांघरायचं. तिसरं कडवंही झालं. वाटेवरून कुणी आलं नाही, नखेत्र रिकाम्या गोठ्यावर पेटलं आणि विझलं, आणि बायकांनी पोरांना हाताला धरून घरी नेलं.

जुजे माझ्यापाशी आला. त्याने रुळावरून बोट फिरवलं, तापलेल्या पट्ट्यांवरून. "तुजो हात बरो आसा, बाय," तो म्हणाला. "पूण बापायच्या मनाआड हांव तुका कसो व्हरूं?" बापाच्या मनाविरुद्ध मला न्यायला तो तयार नव्हता. मी म्हटलं, त्यांचं मन तसं नाही, भाषेमुळे झालं हे. तो आमच्या काळ्या घराकडे बघत होता. त्याने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, आणि आत जेवायला गेला. वर्षभर ज्यासाठी जगले ते एवढ्यात आटपलं.

घरी गेले तर बाबा ओसरीवर बसलेले. फ्यूज परत घालता येईना, कारण लायट गेली असं सांगून बसले होते. आता ती कुणाच्या देखत कशी येणार? पलीकडे रुझारमामांकडे पाहुणे अजून बल्कांवात बसलेले. तेव्हा खोटं टिकवण्यासाठी आम्ही तिघं आमच्याच घरात काळोखात बसलो. आईने कंदील लावला आणि वात बारीक केली. मासळीची आमटी होती, काटा लागेल म्हणून बाबा चाचपून चाचपून जेवत होते. पलीकडून हसण्याचे, चमच्यांचे, बाटलीचे आवाज येत होते, आणि खिडकीतून त्यांच्या नखेत्राचा लाल-हिरवा उजेड आमच्या ताटांवर पडत होता. त्या उजेडात मी जेवले. मी ताटावरून उठायला हवं होतं, पण भूक लागली होती, दिवसभर पोटात काही नव्हतं. आईने एकच विचारलं, आणखी भात? बाबांनी मान हलवली. तिघांपैकी कुणीही फ्यूज हा शब्द काढला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

सकाळी केळ्यांची फणी आणि नारळ आले. पण फिलूबाय पायरीपर्यंत आली नाही, गडग्यावर ठेवून गेली. पुढच्या चवथीला वायर आली नाही, बाबांनी आहे त्या दिव्यांत भागवलं. तोवर भाषेचा निकाल लागला होता, गोव्याचं वेगळं राज्यही झालं होतं. कँटीनमधली टेबलं पुन्हा एक झाली म्हणतात, माणसं हुशार असतात. मला पेडण्याकडच्या पार्शाला दिलं. लग्नात रुझारमाम आले, आहेर दिला, पंगतीला बसले, बाबांनी त्यांना आग्रह करून जिलबी वाढली. पुढे रुझारमाम आणि फिलूबाय दोघं म्हापशाकडे राहायला गेली. जाताना रुझारमामांनी रूळ गोणपाटात गुंडाळून गडग्यावर ठेवला, आमच्या बाजूला, कारण फणस आमचा होता. माहेरपणाला गेले तेव्हा मी तो तिथेच पाहिला. घरात न्यायचा तर बाबांच्या समोरून न्यावा लागला असता. पावसाने लाकूड फुगलं, पट्ट्या उचकटल्या, आणि एका मे महिन्यात भंगारवाला तांबं सोलून घेऊन गेला.

माझा नवरा भला माणूस होता. मी त्याच्या घरी मिक्सर दुरुस्त केला तेव्हा त्याने ते चार लोकांना सांगितलं. काजूच्या बागेत, भाताच्या खळ्यावर, मुलांच्या अभ्यासात वर्षं गेली, ती वाईट गेली असं म्हणणार नाही. पण एक गोष्ट मला आजवर सुटलेली नाही. बाबांनी ते फ्यूज कशासाठी काढलं? मराठीसाठी काढलं असेल तर मी एकवेळ गिळीन, तेव्हा सगळ्यांनीच काही ना काही केलं. पण आदल्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं होतं की जुजे येणार ना. तो आलेला त्यांना हवा होता. पहिलं कडवं त्यांनी पूर्ण होऊ दिलं, काळोखातून पाहिलं असणार, जुजे पुढे सरकलेला पाहिला असणार, आणि मग हात बोर्डाकडे गेला. भाषेचं भांडण नसतं तर त्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं. ते आयतं मिळालं.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे पार्शाला आले. ऐंशीच्या पुढचे, पाय थकलेले, कान मात्र शाबूत. एका चवथीला माझ्या मुलाने पणजीहून मखरासाठी दिव्यांची माळ आणली. गाणं लावलं की ती आपोआप नाचते, डबीत कसलीशी चिप असते, ना रूळ ना पट्टी. आरत्या झाल्या, मंडळी पांगली, मुलगा माळ चालू ठेवून मित्रांकडे गेला. मखरापुढे बाबा खुर्चीवर आणि मी खाली, दूर्वांचे देठ वेचत. माळ आपली लुकलुकत होती. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताळ चुकता हाचो." आणि माझ्याकडे न बघता, "तुजो केन्नाच चुकलो ना."

माझा कधीच चुकला नाही, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते एक वाक्य ऐकण्यासाठी मी किती वर्षं कान टवकारून बसले होते ते मलाच ठाऊक, आणि ते आलं तेव्हा मला आनंद झाला नाही. मला एवढा संताप आला की दूर्वा हातातून सांडल्या. म्हणजे यांना ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं. मी उठले, भिंतीशी गेले आणि माळेचा प्लग काढला. मखर काळं झालं, समईचा उजेड तेवढा राहिला.

बाबांनी विचारलं, "लायट गेली?"

मी म्हटलं, "व्हय. गेली."

डोक्यावर पंखा फिरत होता, त्याचं एक पातं थोडं वाजत होतं. बाबांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घेतली.

"बरें," ते म्हणाले. "येतली फाल्यां."